स्पीकरची वायर मीटरला ६५० रुपये? कोल्हापुरात परवडणारी चांगली केबल कशी निवडावी

जुईची_वेल

नमस्कार मंडळी. बाबांची जुनी स्टिरिओ सिस्टीम गेल्या महिन्यात माळ्यावरून खाली काढली. एक अँप्लिफायर, ८ ओहमचे दोन स्पीकर, रेकॉर्ड प्लेयर आणि दीडेकशे तबकड्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त जयपूर घराण्याच्या. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांना ही गायकी घरचीच वाटते. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद झालंय, देवल क्लबात गाण्याच्या बैठकीला जाणंही सुटलं. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात त्यांच्या खोलीतच चांगलं गाणं वाजावं, एवढीच इच्छा आहे.

अँप दुरुस्त करून आणलाय. पण तीन अडचणी आहेत. रेकॉर्ड लावली की गाण्याच्या मागे सतत 'घूं' असा आवाज येतो. दुसरं, सगळा आवाज पातळ वाटतो, तबल्याचा डग्गा तर ऐकूच येत नाही. आणि जुन्या वायरची टोकं काळी-हिरवी पडलीत, बोटानं चोळलं की भुकटी निघते.

एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, "सगळा दोष केबलचा." स्पीकरची वायर मीटरला ६५० रुपये. एक स्पीकर अँपपासून अडीच मीटरवर आहे, दुसरा दाराला वळसा घालून ६ मीटरवर. पण दोन्हीकडे सारखीच लांबी लागते म्हणून १२ मीटर घ्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ७,८००. शिवाय रेकॉर्ड प्लेयर अँपला जोडणाऱ्या आरसीए केबलची जोडी ३,८००. एकूण ११,६००. माझं सगळं मिळून बजेट १२ हजार आहे आणि सुईही बदलायची आहे. एवढी महाग केबल खरंच लागते का? नसेल तर काय घेऊ आणि कशावरून पारखू?

साधा_श्रोता

ताई, ॲडव्हान्स दिला नाहीत ना? मग थांबा दोन दिवस. उद्यमनगरी काका येतीलच इथे. सुई मात्र आधी बदला. हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास धरतात, आणि झिजलेली सुई तबकडीच खरवडते. केबल कधीही घेता येते, बाबांच्या तबकड्या पुन्हा मिळायच्या नाहीत.

उद्यमनगरी

जुई, तुला अगं म्हणतो, माझ्या मुलीच्या वयाची असशील. पस्तीस वर्षं मोटारी रिवाइंड करण्यात गेली, त्यामुळे तांब्याच्या तारेबद्दल थोडं अधिकारानं बोलतो.

स्पीकरच्या वायरीचं काम एकच. अँपमधून निघालेली ताकद वाटेत न गमावता स्पीकरपर्यंत नेणं. ती किती गमावते हे तीन गोष्टींवर ठरतं: तार किती जाड, किती लांब आणि कशाची. नाव, रंग, वरची जाळीदार पिशवी, बाणाची खूण यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता तुझ्याच घराचा हिशोब करू. दीड एमएम, म्हणजे १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची फ्लेक्सिबल वायर मीटरला जास्तीत जास्त १३.३ मिलिओहम रोध दाखवते. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून ६ मीटरच्या अंतराला १२ मीटर तार धरायची. झाले ०.१६ ओहम. तुझा स्पीकर ८ ओहमचा, म्हणजे २ टक्के. वायरीचा रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा जुना, साधा नियम आहे. मॅकिंटॉश या नामांकित अमेरिकन कंपनीत ध्वनिसंशोधनाचे प्रमुख राहिलेले रॉजर रसेल यांनीही याच ५ टक्क्यांवर लांबी-जाडीचा तक्ता मांडला होता. तुझ्या ६ मीटरवर दीडच्या वायरीत आवाज घटतो तो ०.१७ डेसिबल. अडीचची घेतलीस तर ०.१ डेसिबल. गाणं ऐकताना यातला फरक कानाला लागत नाही.

आणि तुझी जुनी वायर? त्या बारीक तारा बहुधा अर्ध्या एमएमच्या असतात. तिथे तोच हिशोब ०.४७ ओहमवर जातो, जवळजवळ ६ टक्के. म्हणजे ती बदलायला हवीच. पण बदलायची ती दीडच्या चांगल्या तांब्याच्या वायरीने. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती दोन कोअरची, म्हणजे एका आवरणात दोन तारांची, गोल फ्लेक्सिबल, नावाजलेल्या कंपनीची, वर आयएस ६९४ हे वायरींचं भारतीय मानक छापलेली. फिनोलेक्स, पॉलीकॅब, आरआर, जी मिळेल ती. पुढेमागे ४ ओहमचे स्पीकर घ्यायचा विचार असेल तर अडीचची घे, नाहीतर दीड पुरे.

"ऑक्सिजन-फ्री कॉपर" म्हणून वेगळे पैसे देऊ नकोस. घरातल्या वायरीचं साधं तांबंही ९९.९ टक्के शुद्ध असतं. ऑक्सिजन-फ्री त्याहून शुद्ध असतं खरं, पण वीज वाहून नेण्यात दोघांत फरक पडतो जेमतेम १ टक्क्याचा. तो भरून काढायला वायर ६ सेंटिमीटर आखूड कापलीस तरी झालं.

जुईची_वेल

काका, खूप आभार. हे असं कुणी आकड्यांत सांगितलंच नव्हतं. लांबीचं मात्र अजून डोक्यात घोळतंय. एकीकडे अडीच आणि दुसरीकडे ६ मीटर असेल तर एका बाजूचा आवाज उशिरा नाही का येणार? दुकानदारांनी फार खात्रीनं सांगितलं होतं.

उद्यमनगरी

नाही येणार. तारेतून सिग्नल प्रकाशाच्या जवळपास दोन तृतीयांश वेगानं जातो. साडेतीन मीटरच्या फरकाला लागतात सुमारे १७ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून ६ मायक्रॉन सरकतो. आपल्या डोक्याचा केस त्याच्या दहापट जाड असतो. बाबांनी खुर्चीत मान जरा कलती केली तरी याच्या हजारो पट फरक पडतो. जिथे जेवढी लागते तेवढीच काप. फक्त कोपऱ्यातून वळवायला हातभर जास्त ठेव.

तपकीर_गल्ली

मूळचा लक्ष्मीपुरीचा, सध्या पुण्यात. काकांच्या सांगण्यात एका धोक्याची भर घालतो, कारण मी स्वतः फसलोय.

बाजारात जाडजूड, लाल-काळी, "दोन एमएम स्पीकर वायर" म्हणून स्वस्तात मिळते. ऑनलाइनही ढिगानं आहे. दिसायला तांब्याची, पण आतून ॲल्युमिनियम. वर तांब्याचा नुसता मुलामा. पुडक्यावर कुठेतरी बारीक अक्षरात 'सीसीए' लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. अशा तारेचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा साधारण दीडपट. शिवाय दोनचारदा वाकवली की मोडते आणि स्क्रूखाली दाबली की सैल पडत जाते. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा लागली की जोड आणखी बिघडतो. मी २०१९ साली अशी २० मीटर वायर घेतली होती. पुढच्या गणपतीत उजवा स्पीकर चरचरायला लागला. दोन महिने मी अँपलाच दोष देत होतो.

ओळखायची कशी? एक धागा वेगळा काढा आणि ब्लेडनं हलकेच खरवडा. तांबं असेल तर आतही लालच दिसेल, ॲल्युमिनियम असेल तर पांढरी रेघ उमटेल. दुकानदारासमोरच करा, दहा सेकंदांचं काम आहे.

पंचमातला_सा

सगळं पटतंय असं नाही म्हणणार. मी राजारामपुरीत राहतो, वीस वर्षं ऐकतोय. दोन वर्षांपूर्वी टर्नटेबलला, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरला, १४,००० ची आरसीए केबल घेतली. तानपुऱ्याच्या तारांची जी झळाळी असते, ती जुन्या केबलवर झाकलेली होती आणि नवीनवर उघडली. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, बायकोनंही ऐकलंय. सगळं ओहमच्या हिशोबात बसत नाही. अनुभव घेतल्याशिवाय "फरक नसतोच" असं सांगणं मला योग्य वाटत नाही.

साधा_श्रोता

पंचम सर, तुमच्या कानांबद्दल शंका नाही. पण नवी वस्तू घरात आली की आपण ती कान देऊन ऐकतो, जुनी तशी ऐकलेलीच नसते. २००७ साली अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकर केबल आणि साधी केबल यांतला फरक न बघता ओळखून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते. ते बक्षीस कुणी नेलं नाही.

सोल्डरगन

मध्ये पडतो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. माझं दुरुस्तीचं काम आहे, टर्नटेबल नेहमी हाताखालून जातात. पंचम सरांनी जे ऐकलं ते खरं असण्याची दाट शक्यता आहे. आणि काकांचा हिशोबही बरोबर आहे. कारण काका स्पीकरच्या वायरीबद्दल बोलतायत आणि सर टर्नटेबलच्या.

सीडी प्लेयरमधून सिग्नल निघतो साधारण २ व्होल्टचा. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसते त्या डबीतून, निघतो सुमारे ५ मिलिव्होल्ट. म्हणजे ४०० पट लहान. एवढ्याशा सिग्नलला केबलची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, लागू पडते, त्यातही कार्ट्रिजच्या आतल्या कॉइलबरोबर. उदाहरण घ्या. कॉइल ५०० मिलिहेन्रीची आणि सगळी मिळून कपॅसिटन्स ३०० पिकोफॅरड असेल, तर दोघांचा अनुनाद, म्हणजे रेझोनन्स, १३ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. तिथे एक उंचवटा होतो आणि त्याच्या वर आवाज घसरत जातो. तीच कपॅसिटन्स १५० वर आणली की तो १८ किलोहर्ट्झच्या पुढे सरकतो. तानपुऱ्याच्या वरच्या स्वरांशांत याचा फरक पडतो, तो मोजताही येतो आणि ऐकूही येतो.

पण याला १४,००० लागत नाहीत. कमी कपॅसिटन्सची ७५ ओहमची चांगली कोॲक्स, म्हणजे मध्ये तार आणि भोवती जाळी असलेली केबल, घेतली तर मीटरला ५५ ते ७० पिकोफॅरड असते. तिला दोन्हीकडे घट्ट आरसीए पिना डाग देऊन बसवल्या की झालं. लांबी एक मीटरच्या आत ठेवा. साध्या, जुन्या, बारीक शील्ड वायरीत हाच आकडा मीटरला दोनशेच्या वर गेलेला मी मोजलाय. सर, तुमच्या मल्टिमीटरवर कपॅसिटन्सची रेंज असेल तर दोन्ही केबल मोजून बघा. दोन्ही टोकं मोकळी सोडायची, एका टोकाला मधली पिन आणि बाहेरची कडी यांत मोजायचं. आकडा इथे टाका.

जुईताई, तुमच्या 'घूं' बद्दल. रेकॉर्ड चालू असताना टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, धातूला बोट लावा. आवाज कमी झाला तर टर्नटेबलची ग्राउंडची बारीक वायर तुटलीय किंवा जोडलेलीच नाही. टर्नटेबलच्या मागून दोन आरसीए केबलींबरोबर तिसरी एक सुटी तार येते, टोकाला आकड्यासारखा चिमटा असतो. ती अँपच्या मागच्या 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूखाली कसायची. आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण हीच या रोगाची खूण. आवाज घालवायला म्हणून कुणी प्लगची अर्थिंगची पिन तोडायला सांगेल, ते कृपा करून करू नका. ती पिन जिवासाठी असते.

रंकाळ्याचा_वारा

मी पण विचारून घेतो. माझं टीव्हीवरून स्टिरिओला जोडायचंय. ऑप्टिकल केबल १८० रुपयांपासून ३,००० पर्यंत दिसतायत. कुठली घेऊ?

सोल्डरगन

भावा, १८० चीच घे, टोकं नीट बसतायत एवढं बघ. ऑप्टिकलमधून ० आणि १ जातात, ते पोचतात किंवा नाही पोचत. खराब असेल तर आवाज तुटतो किंवा बंद पडतो, गोडवा कमी-जास्त होत नाही. ही पद्धत तोशिबानं १९८३ मध्ये आणली, तेव्हापासून तिचं तत्त्व तेच आहे. फायदा हा की काच किंवा प्लॅस्टिकच्या धाग्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे केबल टीव्हीच्या वायरीतून येणारी गुणगुण स्टिरिओत शिरत नाही. फक्त काटकोनात वाकवू नकोस.

जुईची_वेल

आज सकाळी टोनआर्मला बोट लावून बघितलं. आवाज एकदम निम्म्यावर आला! मागे हात घातला तर ग्राउंडची तार चिमट्यापाशीच तुटलेली. एवढीशी तार, आणि मी त्यासाठी ११ हजार देणार होते.

मग दुपारी वायर घ्यायला बाहेर पडले. दोन दुकानांतून एकेक मीटरचा नमुना घेतला. एक दीडची दोन कोअरची फ्लेक्सिबल, ६८ रुपये मीटर. दुसरी लाल-काळी "दोन एमएम ऑडिओ", ४० रुपये मीटर. दुसरीचा धागा ब्लेडनं खरवडला तर पांढरी रेघ. पण मला आणखी खात्री हवी होती. माझा मावसभाऊ गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, कारागीर आहे. त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, "दादा, हे वजन करून दे." तो आधी बघतच राहिला. दोन्ही वायरींच्या एकेका कोअरवरचं प्लॅस्टिक आम्ही पूर्ण सोलून काढलं, धागे गुंडाळून सोन्याच्या काट्यावर ठेवले.

दीडची: १२.८ ग्रॅम.
"दोन एमएम": ४.१ ग्रॅम.

काट्याच्या पांढऱ्या ताटलीत दोन्ही वेटोळी शेजारीशेजारी ठेवली होती. दिसायला दुसरं मोठं होतं, उचललं तर हातात काही आहे असं वाटत नव्हतं. काका, हे आकडे बरोबर आहेत का?

उद्यमनगरी

शाब्बास पोरी! पस्तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

हिशोब असा. तांब्याची घनता ८.९६. दीड एमएमची एक मीटर तार म्हणजे दीड घनसेंटिमीटर, तिचं वजन १३.४ ग्रॅम भरायला पाहिजे. तुझी १२.८ आली, म्हणजे खरी जाडी १.४३ च्या आसपास. कंपन्या इतकं हातचं राखतातच. आपल्या कामाला काही अडचण नाही. दुसरी खरंच दोन एमएमची तांब्याची असती तर १७.९ ग्रॅम भरली असती. ४.१ म्हणजे आत ॲल्युमिनियम, आणि जाडीही दोन नाही. दोन्हीकडून खोट. मीटरला ४० रुपये स्वस्त वाटतात, पण तुझ्या ६ मीटरला तिचा रोध दीडच्या तांब्याच्या जवळजवळ दुप्पट पडला असता.

आता जोडण्याबद्दल, कारण वायरीइतकंच महत्त्व जोडाला आहे. टोकं सोलताना धागा तुटू देऊ नकोस. पीळ घट्ट दे. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला कथलाचा डाग देऊ नकोस. कथील दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड सैल होतो. तांब्याची नळी, म्हणजे फेरूल, दाबून बसव, नाहीतर नुसता पीळ चालेल. अँपच्या मागचे खटके काळे पडले असतील तर बारीक काचपेपरनं पुसून घे. दर पावसाळ्यानंतर टोकं एकदा उघडून बघ. काळी दिसली तर अर्धा इंच कापून नव्यानं सोल. वायरीच्या टोकाला लावायच्या, खोचून बसणाऱ्या बनाना पिना हव्या तर घे, सोय होते, आवाजात फरक नाही. आणि हे सगळं अँप बंद करून, प्लग काढून.

पंचमातला_सा

सोल्डरगन, तुम्ही सांगितलं तसं मोजलं. जुनी दीड मीटरची केबल: ३४० पिकोफॅरड. नवीन, १४,००० ची, तेवढ्याच लांबीची: १०५. म्हणजे मी ऐकलं ते खरं होतं, याचं समाधान आहे. पण कारण तुम्ही सांगितलं तेच.

पुढचंही प्रामाणिकपणे लिहितो. सीडी प्लेयरलाही मी त्याच कंपनीची केबल लावली होती, तिथेही फरक वाटायचा. काल रात्री मुलाला अँपमागे बसवलं. तो नाणं उडवून केबल बदलायचा, किंवा बदलल्यासारखं करून तीच ठेवायचा. आवाजाची पातळी एकच. बारा वेळांपैकी सहा वेळा मी बरोबर ओळखलं. सहा चुकलो. मनाला लागलं थोडं. पण सीडीची केबल परत करायची मुदत अजून आहे, ती उद्या परत करतोय. त्या पैशांत स्पीकरखाली चांगली स्टँड करून घेईन म्हणतो. तुमची कोॲक्सची केबल एकदा माझ्याकडे आणा, टर्नटेबलवर समोरासमोर ऐकू.

सोल्डरगन

आणतो सर. चहा मात्र तुमच्याकडे.

जुईची_वेल

आज रविवार. सगळं जोडलं, पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही.

नवीन वायर लावली. सोल्डरगन दादांनी पाऊण मीटरची कोॲक्स केबल करून दिली, तुटलेली ग्राउंडची तारही बदलली, सगळ्याचे ६२० घेतले. गुणगुण गेली. नवी सुई बसवली, आवाज स्वच्छ झाला. पण डग्गा? नाहीच. चाट, म्हणजे तबल्याच्या किनारीचा आवाज, ऐकू येते, घुमारा गायब. मी लाल ते लाल, काळं ते काळं चार वेळा तपासलं. शेवटी काकांना फोन केला.

काका म्हणाले, "एक दीड व्होल्टचा साधा सेल घे. अँपकडची वायर काढ, सेलची अधिक बाजू लाल वायरीला आणि उणे काळ्या वायरीला क्षणभर टेकव. स्पीकरचा पडदा बाहेर यायला पाहिजे." समोरची जाळी काढली. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले, त्यांनी टॉर्च धरला. मी सेल टेकवला. उजव्याचा पडदा 'टप्' करून केसभर बाहेर आला. डाव्याला टेकवला. बाबा म्हणाले, "आत गेला." मला नीट दिसलं नाही, पुन्हा टेकवला. मधल्या काळ्या टोपीवरची धूळ टॉर्चच्या उजेडात आत ओढल्यासारखी हलली.

कधीतरी जुन्या दुरुस्तीत स्पीकरच्या आतल्याच तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. बाहेरून लाल ते लाल बरोबर, आतून उलटं. एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि खर्जातला आवाज दोघांत मिळून नाहीसा होतो. जगातली कुठलीही केबल घेतली असती तरी डग्गा परत आला नसता! डाव्या स्पीकरच्या मागे लाल-काळी अदलाबदल केली. लागली दोन मिनिटं.

मग बाबांनी केसरबाई केरकरांची तबकडी काढायला सांगितली. जुनं मोनो ध्वनिमुद्रण आहे. काका म्हणाले होते की मोनोवर लगेच कळेल, आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये यायला पाहिजे. आमच्याकडे मध्ये आईचं लाकडी कपाट आहे. सूर लागला, तबला आला, डग्ग्याचा पहिला घुमारा माझ्या पायाखालच्या फरशीला जाणवला. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी कपाटाकडे बोट केलं आणि हळूच म्हणाले, "बाई तिथं बसल्यात."

खर्च लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल म्हणून. वायर १२ मीटर ८१६, कोॲक्सची केबल आणि ग्राउंडची तार ६२०, सुई ३,१००. एकूण ४,५३६ रुपये. बजेटातले सात हजारांहून जास्त उरलेत, बाबांच्या तबकड्यांना आतली नवी पाकिटं आणि धुण्याचं सामान घेणार आहे.

तपकीर_गल्ली

ताई, वाचून अंगावर काटा आला. उलट जोडलेल्या स्पीकरबद्दल आमच्यापैकी एकानंही आधी विचारलं नाही, ही आमची चूक. "आवाज पातळ, डग्गा गायब" हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं. यापुढे कुणी असं लिहिलं की आधी सेल लावायला सांगायचं, केबलचं नंतर.

उद्यमनगरी

खरं आहे. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. बाबांना नमस्कार सांग. एका रविवारी येतो ऐकायला.

रंकाळ्याचा_वारा

ताई, उरलेली वायर आहे का काही? माझ्या मागच्या खोलीतल्या स्पीकरला तीन मीटरच हवीय. दुकानदार सुटी द्यायला तयार नाही, पूर्ण कॉइल घ्या म्हणतो.

जुईची_वेल

तीन मीटर आणि वर वीतभर उरलीय. मिरजकर तिकटीला मी रोज संध्याकाळी सहाला भाजीला जाते, तिथे देईन. पैसे नकोत. फक्त जोडायच्या आधी स्पीकरला सेल लावून बघा.